शेवटच्या वीस शॉटना खाली जाणारी रायफल : एअर रायफल सुरू करणाऱ्यांसाठी

मी एकोणिसाव्या वर्षी रायफल हातात घेतली. या खेळात ते उशिराच म्हणायचं, कारण रेंजवर माझ्या शेजारच्या लेनला बारा-तेरा वर्षांची मुलं उभी असायची. १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीचं कांस्य जिंकलं. त्याचा प्रकार ५० मीटर थ्री पोझिशनचा (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारायचा), पण आमच्या कोल्हापूर भागात त्यानंतर दहा मीटर एअर रायफल शिकू पाहणाऱ्यांचे फोन वाढले. मलाही विचारणा होते. स्टान्स म्हणजे उभं कसं राहायचं, जॅकेट-पँटचं किट कुठून शिवायचं, हे तुमचा क्लब सांगेलच. मला लिहायचंय ते रायफलच्या हवेच्या सिलिंडरबद्दल, कारण त्याने माझे पाच महिने खाल्ले.

मी जुनी रायफल घेतली होती. नवी घ्यायची तर तेव्हा दोन लाखांच्या पुढे जावं लागत होतं आणि घरची तेवढी ऐपत नव्हती. जुनी घेण्यात कमीपणा नाही. पण विकणाऱ्याने "सगळं ओके आहे, फक्त हवा भरा आणि मारा" असं सांगितलं आणि मी ते वाक्य जसंच्या तसं मनात धरलं. चूक तिथे झाली.

जिल्हा स्पर्धेत माझी पहिली सिरीज, म्हणजे पहिले दहा शॉट, १०३.४ ची झाली. पुढच्या तिन्ही तशाच. पाचवी १००.२ आणि सहावी ९७.१. या दोन्हींतले सगळे शॉट सहा वाजताच्या दिशेला, म्हणजे सरळ खाली, एकाखाली एक. पुढच्या सरावातही तेच. कोच म्हणाले ट्रिगर खेचतेस. सिनिअर मुलगी म्हणाली डावा खांदा दमतो, कंबर पुढे ढकल. मी कंबर ढकलली, खांद्याला टेकणारी बटप्लेट हलवली, पायांतलं अंतर बदललं, घरी भिंतीसमोर तासतास ड्राय फायर, म्हणजे रिकाम्या रायफलने सराव, केलं. गुण हलले नाहीत. उलट पहिल्या चार सिरीजही बिघडल्या, कारण जी पोझिशन मुळात बरी होती तीच मी मोडून टाकली होती.

दोष रायफलमध्ये होता. कसा, ते सावकाश सांगते, कारण हे मला कुणी नीट समजावलं नव्हतं.

सिलिंडरमध्ये २०० बारपर्यंत (बार हे दाबाचं माप) हवा असते. ती थेट पेलेटमागे, म्हणजे छर्र्यामागे, जात नाही. मध्ये रेग्युलेटर असतो, तो दाब उतरवून दर शॉटला सारखा ठेवतो. घरच्या गॅसचं उदाहरण घ्या. टाकी भरलेली असो की अर्धी, शेगडीची ज्योत तेवढीच राहते, आणि टाकी संपत आली की ज्योत बसायला लागते. रायफलचंही तसंच. सिलिंडरचा दाब रेग्युलेटरच्या सेटिंगच्या खाली उतरला की पेलेटचा वेग प्रत्येक शॉटला थोडाथोडा पडतो. आवाजात फरक कळत नाही, हाताला कळत नाही.

आता आकडे बघा. माझ्या रायफलचा वेग सेकंदाला १७२ मीटर होता. दहा मीटर जायला पेलेटला ०.०५८ सेकंद लागतात आणि तेवढ्यात तो साधारण १६.६ मिलिमीटर खाली येतो. साइट, म्हणजे नेम धरायचं साधन, लावताना आपण हेच खाली येणं जमेस धरलेलं असतं. वेग १६० वर आला की तोच पेलेट १९ मिलिमीटरहून थोडा जास्त पडतो. म्हणजे अडीच मिलिमीटरचा फरक. आपल्या टार्गेटवर एका रिंगपासून दुसरी रिंग बरोबर अडीच मिलिमीटरवर असते आणि दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा. तुम्ही उभ्या जागी काहीही न चुकता पूर्ण एक रिंग खाली जाता.

मग दाब दाखवणारा गेज का नाही बघितला? बघत होते. रोज बघत होते. गेज ११० दाखवायचा आणि सामन्यानंतरही काटा फारसा हलायचा नाही. गेजच खोटा होता. डायव्हिंगच्या ज्या मोठ्या सिलिंडरवरून आम्ही हवा भरतो, त्याच्या गेजशी एका सरांनी तो ताडून बघितला तेव्हा माझ्या ११० च्या जागी खरे ८० बार निघाले. त्यांनीच रायफल व्हाइसमध्ये घट्ट बांधली, वेग मोजणारा क्रोनोग्राफ लावला आणि दर दहा शॉटना वेग लिहून घेतला. तो कागद अजून माझ्या डायरीत चिकटवलेला आहे : ९० बारपर्यंत १७२, मग १६९, मग १६०. तो बघून मी रेंजच्या पायरीवर बसून रडले. पाच महिने मी माझ्या खांद्याला दोष देत होते.

यात आणखी एक फसगत आहे. सरावात शॉट खाली जातात म्हणून मी साइटचा स्क्रू क्लिक-क्लिक फिरवून नेम वर न्यायचे. दुसऱ्या दिवशी सिलिंडर भरून यायचा आणि सगळे शॉट वर. पुन्हा खाली क्लिक. डायरीत नुसते क्लिक लिहिलेले, प्रेशर कुठेच नाही. प्रेशर लिहिलं असतं तर आठवड्यात उलगडा झाला असता. म्हणून डायरीच्या पानावर पहिला रकाना प्रेशरचा करा, सुरुवातीचा आणि शेवटचा. जो कोच शिष्याची डायरी कधी उघडत नाही, त्याच्या निदानावर माझा आता विश्वास बसत नाही, मग त्याच्या भिंतीवर कितीही मेडल असोत.

मात्र हे वाचून उद्यापासून प्रत्येक आठ गुणांच्या शॉटचा दोष रायफलवर टाकू नका. पहिल्या वर्षी दहातल्या नऊ चुका शरीराच्याच असतात. रायफलची चूक एका दिशेला, हळूहळू आणि ठरावीक वेळी दिसते. शरीराची चूक विखुरलेली असते. शंका आली तर सिलिंडर भरून तोच सराव पुन्हा करा. खाली जाणं थांबलं तर कारण सापडलं. नाही थांबलं तर मुकाट्याने ट्रिगरवर काम करा.

वेग वाढवायचा स्क्रू स्वतः फिरवू नका. जास्त वेग म्हणजे जास्त गुण हा दुकानातला समज आहे. अर्ध्या ग्रॅमच्या पेलेटला १७०-१७५ चा वेग पुरतो, ऊर्जा साडेसात ज्यूलच्या आसपास राहते. आपल्याकडे ४.५ मिलिमीटर बोअर (नळीचा आतला व्यास) आणि २० ज्यूलपर्यंतच्या एअर रायफलला परवाना लागत नाही, त्या मर्यादेच्या जवळपासही आपला खेळ जात नाही. दर शॉटला सारखा वेग, एवढंच हवं.

हवा सावकाश भरा. घाईने भरली की सिलिंडर तापतो, काटा २०० वर जातो आणि थंड झाल्यावर बराच खाली येतो. हातपंपाने भरत असाल तर कोकणात, मुंबईत पावसाळ्यात हवेतला ओलावा आत जातो आणि सील, व्हॉल्व्ह गंजतात. मला हातपंप आवडत नाही. कोरडी हवा देणारा कॉम्प्रेसर किंवा डायव्हिंगचा सिलिंडर शोधा, त्यासाठी आठवड्यातून एकदा एसटीने दुसऱ्या गावी जावं लागलं तरी चालेल. आणि वेल्डिंगच्या किंवा दवाखान्यातल्या सिलिंडरमधून ऑक्सिजन कधीही, कुणाच्याही सांगण्यावरून भरू नका. आत तेलाचा अंश असला तर स्फोट होतो. यात माणूस जातो.

जुनी रायफल घेताना सिलिंडरवर कोरलेली तारीख वाचा. मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही आणि ती तपासायची जबाबदारी नियमानुसार खेळाडूचीच आहे. माझ्या ओळखीच्या एका मुलाला राज्य स्पर्धेच्या सकाळी हे कळलं. वडील त्याला घेऊन रात्रभर प्रवास करून आले होते. सुदैवाने दुसऱ्या क्लबच्या मुलीने आपला जादा सिलिंडर काढून दिला. रायफलचं वजन साडेपाच किलोच्या आत आहे का, हेही घरीच बघा. वजनाची पट्टी जोडताना भान राहत नाही.

पेलेटची बॅच टेस्टिंग (आपल्या रायफलला कुठली बॅच जमते ते तपासणं), महागडे चष्मे, या गोष्टी सहा सिरीजचे मिळून गुण सहाशेच्या खाली असताना डोक्यातून काढा. पाचशे पेलेटचा डबा उघडा आणि मारा.

जिल्हा, राज्य, मग मावळणकर स्पर्धा, मग नॅशनल, ही वाट लांब वाटते. स्पर्धेला नाव आहे लोकसभेचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळणकर यांचं. १९५१ साली देशाची नॅशनल रायफल असोसिएशन उभी राहिली तेव्हा तेच तिचे पहिले अध्यक्ष होते. त्या स्पर्धेला मी अजून पोचलेले नाही. पाच महिने मोडलेली पोझिशन पुन्हा बांधायला मला वर्ष लागलं, आणि मागच्या महिन्यात पहिल्यांदा सहावी सिरीज पहिलीपेक्षा चांगली आली, १०३.९. सुरुवातीला १८० बार होते, शेवटी १५५. दोन्ही आकडे नव्या गेजवरचे.