अशिलांच्या फाइली आपोआप योग्य फोल्डरमध्ये कशा लावाव्यात: करसल्लागारांच्या कार्यालयासाठी

करसल्लागाराच्या कार्यालयात फाइली आपोआप लावण्याची व्यवस्था करायची असेल, तर संगणकाने अशील कशावरून ओळखायचा, हे सर्वांत आधी ठरवावे लागते. कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, हा प्रश्न त्यानंतरचा आहे. या विषयावर मिळणारा बहुतेक सल्ला नेमका उलट्या क्रमाने दिलेला असतो: अमुक प्रोग्राम घ्या, फाइलच्या नावात अशिलाचे नाव दिसले की ती त्याच्या फोल्डरमध्ये हलवण्याचा नियम लिहा, आणि काम झाले. घरातल्या फोटोंसाठी एवढे पुरते. ज्या कार्यालयात एकाच कुटुंबातील चौघांची, त्यांच्या एचयूएफची (हिंदू अविभक्त कुटुंबाची) आणि भागीदारी संस्थेची विवरणपत्रे भरली जातात, तिथे हा सल्ला घातक आहे, कारण एकाचा उत्पन्नाचा कागद दुसऱ्याच्या फोल्डरमध्ये गेला, की पुढे तो ईमेलने भलत्याच माणसाच्या हाती पडू शकतो.

पहिला टप्पा: मास्टर यादी

एक्सेलमध्ये एक यादी करावी. प्रत्येक ओळीत कार्यालयाने दिलेला अशील क्रमांक, नाव, पॅन, असतील तेवढे जीएसटी क्रमांक, बँक खात्यांचे पूर्ण क्रमांक आणि फोल्डरचा पत्ता असावा. खाते क्रमांकांचे रकाने आधी 'टेक्स्ट' प्रकारचे करावेत आणि मगच क्रमांक भरावेत. एक्सेल संख्येचे पंधराच अंक जपते, त्यापुढचे अंक शून्य करून टाकते, आणि काही बँकांचे खाते क्रमांक सोळा अंकी असतात. सुरुवातीची शून्येही अशीच गळून जातात. यादी एकदा बिघडली की त्यावर चालणारे सगळेच बिघडते, म्हणून भरून झाल्यावर ती मूळ कागदांशी ताडून पाहावी.

दुसरा टप्पा: फोल्डरची रचना

वर अशील क्रमांक आणि थोडक्यात नाव, त्याखाली आर्थिक वर्ष, त्याखाली आयकर, जीएसटी, बँक आणि इतर. याहून खोल जाऊ नये. विंडोजमध्ये फाइलचा संपूर्ण पत्ता साधारणपणे २६० अक्षरांत बसावा लागतो, आणि लांबलचक नावांच्या फोल्डरांत फोल्डर घातले की ही मर्यादा वाटते त्यापेक्षा लवकर गाठली जाते.

तिसरा टप्पा: अशील ओळखणे

खरे काम इथे आहे, आणि मला सर्वांत जास्त झगडावे लागले ते याच टप्प्यावर.

नावावरून ओळख पटवण्याचा विचार पूर्णपणे सोडून द्यावा. चव्हाण हे आडनाव पॅनकार्डावर एका स्पेलिंगने, बँकेच्या पासबुकावर दुसऱ्या आणि भाडेकरारावर तिसऱ्याच स्पेलिंगने लिहिलेले असते. कुठे आडनाव आधी येते, कुठे वडिलांचे नाव मध्ये येते, कुठे नुसतीच आद्याक्षरे असतात. त्याहून अवघड गोष्ट म्हणजे एचयूएफचे नाव बहुधा कर्त्याच्या, म्हणजे कुटुंबप्रमुखाच्या, नावापुढे 'एचयूएफ' जोडूनच होते. त्यामुळे 'नावात हे शब्द असतील तर' असा नियम दोन वेगवेगळ्या करदात्यांच्या फाइली न चुकता एकाच ठिकाणी टाकतो, आणि नियम तंतोतंत पाळला गेल्यामुळे कुठे काही चुकले असे कोणालाही दिसत नाही.

ओळख पटवावी ती पॅनवरून. पॅनची रचना पक्की आहे: पाच अक्षरे, चार अंक आणि शेवटी एक अक्षर. त्यातले चौथे अक्षर करदात्याचा प्रकार सांगते. 'पी' म्हणजे व्यक्ती, 'एच' म्हणजे एचयूएफ, 'एफ' म्हणजे भागीदारी संस्था, 'सी' म्हणजे कंपनी, 'टी' म्हणजे न्यास. नावाने न सुटणारा कर्ता आणि एचयूएफ यांचा गोंधळ या एका अक्षराने सुटतो. पंधरा वर्णांच्या जीएसटी क्रमांकातही पॅन दडलेला असतो: पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०), त्यापुढचे दहा वर्ण म्हणजे पॅन. कोल्हापुरात दुकान आणि फोंड्यात गोदाम असलेल्या व्यापाऱ्याचे जीएसटी क्रमांक दोन असतील, पण पॅन एकच असेल आणि त्यामुळे अशीलही एकच राहील. जीएसटी पोर्टलवरून उतरवलेल्या जीएसटीआर-३बी या विवरणपत्राच्या फाइलच्या नावातच जीएसटी क्रमांक आणि महिना असतो, म्हणून आधी फाइलचे नाव तपासावे आणि तिथे काही सापडले नाही तरच आतला मजकूर वाचावा.

'मजकुरात जो पॅन पहिला सापडेल तो अशिलाचा' असा नियम मात्र चुकूनही लिहू नये. फॉर्म १६, म्हणजे मालक कर्मचाऱ्याला देतो ते पगारावरील करकपातीचे प्रमाणपत्र, समोर ठेवून पाहावे. वरच्या भागात मालक आणि कर्मचारी यांची नावे-पत्ते, आणि त्याखालच्या एकाच ओळीत आधी कर कापणाऱ्याचा पॅन, मग त्याचा टॅन (कर कापणाऱ्यांना मिळणारा वेगळा क्रमांक) आणि त्यानंतर कर्मचाऱ्याचा पॅन. ज्या कारखान्याचे काम आपल्याकडे आहे, त्याच कारखान्यातील वीस कर्मचारीही आपल्याकडेच विवरणपत्र भरतात, हे छोट्या गावांत तर नेहमीचेच. पहिला पॅन धरला तर त्या वीस जणांचे पगाराचे कागद मालकाच्या फोल्डरमध्ये जाऊन बसतील. फॉर्म १६ पुरता योग्य नियम असा, की ज्या पॅनचे चौथे अक्षर 'पी' आहे तोच घ्यावा, कारण पगार घेणारी ती नेहमी व्यक्तीच असते. आणि मालकही एकल व्यावसायिक असल्यामुळे दोन 'पी' निघाले, तर संगणकाने निर्णय घेऊ नये. टॅनचा इथे अडथळा होत नाही, कारण तोही दहा वर्णांचा असला तरी त्यात चार अक्षरे, पाच अंक आणि एक अक्षर असा क्रम असतो.

खरेदीच्या बिलावर विकणारा आणि घेणारा अशा दोघांचे जीएसटी क्रमांक असतात, आणि दोघेही आपले अशील असू शकतात. बँकेच्या उताऱ्यावर पुष्कळदा पॅन नसतोच, तिथे खाते क्रमांकावरून ओळखावे लागते. पण उताऱ्यावर शेवटचे चारच अंक उघडे आणि बाकीचे झाकलेले असतील, तर तेवढ्यावर विसंबू नये, कारण तेच चार अंक दोन खात्यांना सहज असू शकतात.

या सगळ्यावर माझा एकच ठाम नियम आहे. फाइलमध्ये सापडलेले सर्व क्रमांक (फॉर्म १६ असेल तर फक्त वरच्या नियमाने निवडलेला पॅन) मास्टर यादीशी ताडावेत. नेमका एकच अशील जुळला तर फाइल हलवावी. एकही जुळला नाही किंवा एकापेक्षा जास्त जुळले, तर ती 'तपासणी' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवावी. 'जवळपास जुळते' असा पर्याय काही साधने देतात, तो बंद ठेवावा. सुरुवातीला तपासणीत पुष्कळ फाइली साठतील आणि व्यवस्था अपुरी वाटेल, पण म्हणून नियम सैल करू नयेत. तपासणीत पडलेली फाइल कोणीतरी उघडून पाहतेच, चुकीच्या फोल्डरमध्ये गेलेली कोणी पाहत नाही.

स्कॅन केलेल्या कागदांना आणखी एक पायरी लागते, कारण त्यांत मजकूर नसून नुसते चित्र असते. ओसीआर, म्हणजे चित्रातून मजकूर वाचणारा प्रोग्राम, लावल्यावर शून्याचे 'ओ', पाचाचे 'एस' आणि आठाचे 'बी' होते. पॅनमध्ये कोणत्या जागी अक्षर आणि कोणत्या जागी अंक येणार हे ठरलेले असल्यामुळे ही दुरुस्ती प्रोग्रामला सांगता येते, मात्र दुरुस्त झालेला पॅन यादीत असेल तरच तो मानावा. पासवर्ड असलेल्या पीडीएफ फाइलींचे, उदाहरणार्थ एआयएसचे (आयकर खात्याच्या वार्षिक माहिती विवरणाचे), पासवर्ड पॅन आणि जन्मतारखेवरून बनतात. ते यादीतून आपोआप लावण्यापेक्षा उतरवतानाच फाइलच्या नावाआधी अशील क्रमांक लिहिण्याची सवय कर्मचाऱ्यांना लावावी. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोंच्या बाबतीतही तेच करावे. त्या फाइलींच्या नावात तारीख आणि अनुक्रमांकापलीकडे काही नसते, आणि तिरप्या काढलेल्या फोटोवर ओसीआर चालवण्यात घालवलेला वेळ वाया जातो.

चौथा टप्पा: वर्ष ठरवणे

आयकर विवरणपत्राच्या पोचपावतीवर २०२४-२५ लिहिलेले असेल तर ते करनिर्धारण वर्ष असते, म्हणजे उत्पन्न २०२३-२४ चे. जीएसटीच्या विवरणपत्रावरील २०२४-२५ हे मात्र तेच आर्थिक वर्ष. प्रोग्रामने केवळ आकडे वाचून फोल्डर निवडला, तर निम्मे कागद एका वर्षाने पुढे जातील. म्हणून कागदाचा प्रकार आधी ओळखावा, आणि आयकराच्या कागदावर करनिर्धारण वर्ष असेल तर त्यातून एक वजा करावे. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम, २०२५ लागू होऊन 'कर वर्ष' ही संज्ञा आली, तरी जुन्या वर्षांच्या कागदांवर जुनाच शब्द राहणार आहे, त्यामुळे दोन्ही नियम ठेवावे लागतील.

पाचवा टप्पा: साधन

प्रोग्राम लिहिता येत असेल किंवा लिहिणारा ओळखीचा असेल, तर पायथन या प्रोग्रामिंग भाषेत छोटी स्क्रिप्ट लिहून ती विंडोजच्या टास्क शेड्युलरने दर पंधरा मिनिटांनी चालवावी. नसेल तर विंडोज ११ सोबत येणारे पॉवर ऑटोमेट वापरावे. पीडीएफमधील मजकूर काढण्याची आणि एक्सेल वाचण्याची सोय त्यात आहे. अशिलांचे कागद फुकटच्या संकेतस्थळांवर चढवून वर्गीकरण करून घेणे मात्र मला अजिबात मान्य नाही. पॅन, पगार आणि खाते क्रमांक असलेला कागद कार्यालयाबाहेरच्या कोणत्या संगणकावर राहिला, हे आपल्याला कधीच कळत नाही.

कोणतेही साधन घेतले तरी पुढील गोष्टी त्यात असायलाच हव्यात. अर्धवट उतरलेली फाइल हलवू नये. आकार काही वेळ स्थिर राहिल्यावरच तिला हात लावावा. त्याच नावाची फाइल आधीपासून असेल तर तिच्यावर लिहू नये. आतला मजकूर वेगळा असल्यास नव्या फाइलच्या नावाला वेळ जोडावी. आणि प्रत्येक हालचालीची नोंद ठेवावी: मूळ नाव, मूळ जागा, नवी जागा आणि कोणत्या क्रमांकावरून निर्णय झाला. नियम बदलल्यावर जुनी हालचाल उलटवायची असेल, तर ती या नोंदीवरूनच उलटवता येते.

सहावा टप्पा: चाचणी

पहिला आठवडाभर फाइली न हलवता केवळ नोंद लिहून घ्यावी आणि ती रोज एका माणसाने वाचावी. त्यानंतर काही दिवस हलवण्याऐवजी प्रती कराव्यात, मग पूर्ण सुरू करावे. बॅकअप वेगळ्या डिस्कवर असावा, हे सांगायला नकोच.

पुढे मास्टर यादीची जबाबदारी एकाच व्यक्तीकडे ठेवावी. नवा अशील आला की त्याचे पहिले काम सुरू होण्याआधी त्याची ओळ भरली जावी. काम सोडून गेलेल्या अशिलाची ओळ पुसू नये, तिच्यापुढे 'बंद' अशी खूण करावी आणि अशा पॅनची फाइल आली तर ती तपासणीत पाठवावी. ओळ पुसली, तर दोन क्रमांक असलेल्या बिलावर यादीत एकच अशील उरतो, आणि गेलेल्या अशिलाचा कागद त्या उरलेल्या अशिलाच्या नावावर निमूटपणे जमा होतो.