काचबिंदूवरचे उपचार: थेंब, लेसर की शस्त्रक्रिया, हे कसे ठरवावे

मोतीबिंदू आणि काचबिंदू ही नावे कानाला सख्ख्या भावंडांसारखी वाटतात आणि बराचसा घोटाळा तिथूनच सुरू होतो. मोतीबिंदूत डोळ्यातील भिंग गढूळ होते. ते काढून नवे बसवले की माणसाला पुन्हा दिसू लागते. काचबिंदूत बिघडते ती डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस, म्हणजे ऑप्टिक नर्व्ह. या नसेत सुमारे १० ते १२ लाख तंतू असतात आणि त्यातला एकदा मेलेला तंतू आज उपलब्ध असलेल्या कोणत्याही उपचाराने परत आणता येत नाही. त्यामुळे काचबिंदूचा उपचार गेलेली नजर आणण्यासाठी नसून उरलेली राखण्यासाठी असतो. हे सुरुवातीलाच समजून घेतले नाही, तर ‘तीन महिने औषध घातले, काहीच फरक पडला नाही’ असे म्हणून रुग्ण बाटली बाजूला ठेवतो. वास्तविक या आजारात फरक न पडणे हेच औषध लागू पडल्याचे लक्षण असते.

डोळ्याच्या आत एक पातळ द्रव सतत तयार होतो आणि पारपटल (डोळ्याच्या पुढचा पारदर्शक पडदा) व परितारिका (बाहुलीभोवतीची रंगीत चकती) जिथे मिळतात, त्या कोनातील बारीक जाळीतून तो बाहेर जातो. निचरा मंदावला की डोळ्यातील दाब वाढतो आणि नसेवर ताण येतो. आजचे सर्व उपचार हा दाब उतरवण्याचेच आहेत. काही द्रव कमी तयार करतात, काही त्याचा निचरा वाढवतात. सर्वसाधारणपणे दाब पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरच्या दरम्यान असतो, परंतु या आकड्यावर फार विसंबू नये. २४ दाब असूनही नस शाबूत असणारी माणसे आहेत आणि १६ दाबावर नस झिजत जाणारीही आहेत. पारपटल पातळ असेल तर यंत्र दाब खऱ्यापेक्षा कमी दाखवते, म्हणून पारपटलाची जाडी एकदा तरी मोजलेली असावी.

उपचार निवडण्यापूर्वी डॉक्टरांकडून तीन गोष्टी स्पष्ट करून घ्याव्यात. पहिली, कोन उघडा आहे की अरुंद. तो पाहण्यासाठी डोळ्यावर विशिष्ट भिंग टेकवून गोनिओस्कोपी करतात आणि ती झालेली नसेल तर करण्याची विनंती अवश्य करावी. दुसरी, नसेचे नुकसान किती झाले आहे. ते दृष्टिक्षेत्राच्या तपासणीतून आणि ओसीटी या स्कॅनमधून कळते. तिसरी, आपल्या डोळ्यासाठी ठरवलेला लक्ष्य दाब किती. सुरुवातीच्या टप्प्यात मूळ दाब २५ ते ३० टक्क्यांनी उतरवणे बहुधा पुरेसे मानले जाते. नस बरीच झिजलेली असेल तर लक्ष्य याहून खाली ठेवावे लागते. लक्ष्य माहीत नसलेल्या रुग्णाला दर भेटीत सांगितलेला आकडा चांगला की वाईट हेच कळत नाही.

कोन अरुंद असेल तर वाट वेगळी. अशा डोळ्यात परितारिका पुढे सरकून जाळीचे तोंड बंद करू शकते, म्हणून लेसरने परितारिकेला बारीक छिद्र पाडून द्रवाला आडवाट करून देतात. वय पन्नाशीपुढचे असेल आणि कोन खरोखरच बंद होऊन दाब वाढला असेल, तर डोळ्यातले भिंग काढून पातळ कृत्रिम भिंग बसवणे हाही चांगला पर्याय ठरतो, कारण त्यामुळे कोनात जागा होते. कोन अचानक पूर्ण बंद झाल्यास डोळा लाल होऊन प्रचंड ठणकतो, दिव्याभोवती रंगीत वलये दिसतात, मळमळ व उलट्या होतात. पोटाचा किंवा अर्धशिशीचा त्रास समजून यात वेळ घालवू नये. काही तासांत नस कायमची दुखावू शकते, त्यामुळे रात्र असली तरी ताबडतोब रुग्णालय गाठावे. दुसऱ्या डोळ्यालाही तोच धोका असल्यामुळे त्यावरही लेसर करून घ्यावे लागते.

उघड्या कोनाच्या काचबिंदूत बहुतेकांची सुरुवात थेंबांनी होते. लॅटानोप्रोस्ट, ट्रॅव्होप्रोस्ट, बिमाटोप्रोस्ट ही औषधे दिवसातून एकदाच, बहुधा रात्री, घालायची असून दाब सुमारे २५ ते ३३ टक्क्यांनी उतरवतात. त्यांनी डोळा लाल होतो, पापण्यांचे केस लांब व दाट होतात, काहींमध्ये परितारिकेचा रंग कायमचा गडद होतो. एकाच डोळ्यात औषध चालू असेल तर हा फरक आरशात दिसू लागतो. टिमोलॉल जुने आणि भरवशाचे औषध आहे, मात्र दमा असलेल्यांनी किंवा नाडी मंद चालणाऱ्यांनी ते घेऊ नये. डोळ्याचे औषध श्वासाशी किंवा हृदयाशी कशाला संबंध ठेवेल, असे वाटून अनेक जण आपला दमा डॉक्टरांना सांगतच नाहीत, ही चूक महागात पडू शकते. ब्रिमोनिडीनने तोंड कोरडे पडते, पेंग येते, काही महिन्यांनी ॲलर्जीही उद्भवू शकते. लहान बाळांना ते देत नाहीत. डॉर्झोलामाइड किंवा ब्रिंझोलामाइड घातल्यावर जिभेवर कडवट चव येते. दाब तातडीने उतरवायचा असेल तर ॲसिटाझोलामाइडच्या गोळ्या देतात. त्यांनी बोटांना मुंग्या येतात आणि लघवीला वारंवार जावे लागते, शिवाय मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी त्या जपून घ्याव्या लागतात.

औषध कोणते यापेक्षा ते डोळ्यात पडते का, हा प्रश्न अनेकदा मोठा असतो. हात धुवावेत, मान मागे टाकावी किंवा आडवे व्हावे, खालची पापणी बोटाने ओढून तयार झालेल्या खळग्यात एकच थेंब सोडावा. डोळ्यात त्याहून अधिक मावतच नाही. दुसरा थेंब गालावर ओघळतो आणि बाटली लवकर संपते. बाटलीचे टोक पापणीला टेकू देऊ नये. थेंब पडताच डोळा अलगद मिटावा आणि नाकाच्या बाजूचा कोपरा बोटाने दोन मिनिटे दाबून धरावा, म्हणजे औषध अश्रुनलिकेतून घशात न उतरता डोळ्यातच राहते आणि शरीरावरचे दुष्परिणामही घटतात. दुसरे औषध घालायचे असल्यास मध्ये किमान पाच मिनिटे जाऊ द्यावीत. हात थरथरत असतील तर घरातल्या कोणाकडून थेंब घालून घ्यावेत, त्यात संकोच करण्यासारखे काही नाही. तपासणीच्या दिवशी सकाळी थेंब बंद ठेवू नयेत आणि आठवडाभर विसरलेले औषध केवळ आदल्या रात्री घालून जाऊ नये. तसे केले तर दाब चांगला दिसतो आणि डॉक्टरांना नस का बिघडते आहे याचा उलगडा होत नाही.

ज्यांना रोजचे थेंब जमत नाहीत किंवा सोसत नाहीत, त्यांनी एसएलटी या लेसरविषयी जरूर विचारावे. बाह्यरुग्ण विभागात काही मिनिटांत, डोळा बधिर करणारे थेंब घालून, निचऱ्याच्या जाळीवर सौम्य लेसर सोडला जातो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘लाइट’ या ब्रिटिश अभ्यासात ७१८ रुग्ण होते आणि ज्यांच्यावर आधी लेसर केले, त्यांच्यापैकी जवळजवळ तीन चतुर्थांश रुग्णांचा दाब तीन वर्षांनंतरही थेंबांशिवाय लक्ष्यात होता. त्यामुळे लेसर हा थेंब हरल्यावरचा उपाय आहे, ही जुनी समजूत आता सोडायला हवी. त्याचा परिणाम काही वर्षांत ओसरू शकतो, पण ते पुन्हा करता येते. लेसर झाले म्हणून तपासण्या मात्र थांबत नाहीत.

दाब तरीही उतरत नसेल किंवा नजरेचे क्षेत्र आकसतच असेल तर शस्त्रक्रिया लांबवू नये. ट्रॅबेक्युलेक्टमीत डोळ्याच्या पांढऱ्या भागात झडपेसारखी वाट केली जाते आणि द्रव वरच्या पापणीखालच्या एका फुगवट्यात जमून हळूहळू शोषला जातो. ती वाट व्रण धरून बुजू नये म्हणून मायटोमायसीन हे औषध वापरतात. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही आठवडे भेटी वारंवार असतात, टाके सैल केले जातात, दाब कधी फार खाली जातो. या काळात कामाची आणि प्रवासाची आखणी त्याप्रमाणे करावी. आधीची शस्त्रक्रिया फसली असेल किंवा डोळ्यात व्रण जास्त असतील तर बारीक नळी बसवतात. मोतीबिंदूही काढायचा असेल तर त्याच वेळी जाळीत सूक्ष्म स्टेंट, म्हणजे निचऱ्याची वाट उघडी ठेवणारी नळी, बसवण्याचा पर्याय असतो. त्याचा धोका कमी, पण दाब उतरवण्याची ताकदही बेताची, म्हणून तो सौम्य ते मध्यम काचबिंदूपुरता योग्य.

उपचार कोणताही असला तरी स्टेरॉइडबाबत सावध असावे. डोळ्याची खाज शमवणारे काही थेंब, तसेच काही मलमे आणि इनहेलर यांत स्टेरॉइड असते आणि ते काहींचा दाब मुकाट्याने वाढवते. कोणत्याही डॉक्टरांकडे गेल्यावर आपल्याला काचबिंदू आहे हे सांगावे. चालणे व हलका व्यायाम चांगला, परंतु शीर्षासनासारखी डोके खाली करणारी आसने टाळावीत, कारण त्या स्थितीत डोळ्यातील दाब जवळपास दुप्पट होतो. रक्तदाबाची गोळी रात्री घेत असल्यास तेही नेत्रतज्ज्ञांच्या कानावर घालावे. झोपेत रक्तदाब फार उतरला तर नसेला रक्त कमी पडते. ट्रॅबेक्युलेक्टमी झालेला डोळा दहा वर्षांनी जरी लाल झाला, दुखू लागला किंवा त्यातून चिकट स्राव येऊ लागला, तरी तो साधा संसर्ग समजून घरी औषध न घालता त्याच दिवशी दाखवावा.