एचआरव्ही पाहून फुटबॉलचा सराव ठरवताय? या चुका टाळा

हंगामात आमच्या कोल्हापूरच्या पेठेतली पोरं सकाळी सहालाच ग्रुपवर आपापल्या एचआरव्हीचे आकडे टाकतात. एकाचा 82, दुसऱ्याचा 41. पाठोपाठ 41 वाल्याचा मेसेज येतो, "सर, मी कमी फिट आहे का?"

नाही रे बाबा. मिनिटाला 60 ठोके पडत असले, तरी प्रत्येक ठोका बरोबर एका सेकंदाने पडत नाही. एक 960 मिलिसेकंदांनी, पुढचा 1040 नी. श्वास घेताना ठोके जवळ येतात, सोडताना लांबतात. ठोक्यांमधल्या अंतराचा हा चढउतार म्हणजे एचआरव्ही, म्हणजेच हार्ट रेट व्हेरिएबिलिटी. विश्रांतीच्या वेळी हृदयाला सावकाश चालवणाऱ्या व्हेगस नर्व्हचा जोर त्यात दिसतो. वय आणि आनुवंशिकतेमुळे हा आकडा माणसागणिक वेगळा असतो. त्यामुळे दोघांची तुलना करायचीच नाही. ज्याची त्याची दोन-तीन आठवड्यांची सरासरी काढा आणि पुढचे आकडे तिच्याशीच ताडून बघा.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो मोजण्यात. आमच्या एका मिडफिल्डरचा आकडा आठवडाभर वेड्यासारखा वरखाली होत होता. विचारलं तेव्हा कळलं, पठ्ठ्या कधी अंथरुणात मोजायचा, तर कधी चहा पिऊन मैदानाच्या पायऱ्यांवर बसून. मग ठरवून दिलं: उठायचं, लघवीला जाऊन यायचं, गादीवर उताणं पडायचं, फोन बघायचा नाही, मिनिटभर शांत राहायचं आणि मग एक मिनिट मोजायचं. श्वास नेहमीसारखा, मुद्दाम खोल नको. चहा नंतर. पुढच्या आठवड्यात त्याचा आलेख बराच स्थिरावला.

ठोके टिपणारा छातीचा पट्टा कोरडाच बांधणं ही दुसरी नेहमीची चूक. सेन्सरची जागा पाण्याने ओली केली नाही तर मधला एखादा ठोका सुटतो आणि दोन ठोक्यांतलं अंतर एकदम दुप्पट दिसतं. मिनिटाला 60 ठोके असलेल्या पोराचा खरा आकडा 50 असेल, तर सुटलेल्या एका ठोक्याने तो 190 च्या आसपास जाऊ शकतो! एकाएकी असा उंच आकडा दिसला की खूश होऊ नका, पट्टा ओला करून पुन्हा मोजा. घड्याळ बदललं तर जुने आकडे त्यात मिसळू नका. ॲपल वॉच एसडीएनएन दाखवतं, म्हणजे ठोक्यांमधली सगळी अंतरं सरासरीभोवती किती पसरली आहेत ते; बाकीची बरीचशी उपकरणं आरएमएसएसडी, म्हणजे लागोपाठच्या अंतरांत किती फरक पडतो ते. ही दोन मापं वेगळी आहेत.

आता आकडा वाचण्याबद्दल. सामन्यात खेळाडू साधारण 10 किलोमीटर पळतो, तेही उन्हात, धक्काबुक्की सोसत. दुसऱ्या दिवशी एचआरव्ही घसरणारच, आणि कधीकधी सावरायला दोन दिवस लागतात. तेवढ्यावरून पोराला संघाबाहेर बसवणं हा त्याच्यावर अन्याय आहे. सात दिवसांची सरासरी बघा. ती नेहमीच्या मर्यादेखाली गेली आणि रोजचे हेलकावेही वाढले, तर मात्र थांबून विचारा: झोप झाली का? परीक्षा आहे का? लग्नाच्या वरातीत रात्र गेली का? अंगात कणकण आहे का? जास्त आकडा म्हणजे नेहमीच चांगलं, असंही नाही. अतिसरावाने थकलेल्या काही खेळाडूंत तो चढलेलाही आढळतो. पाय जड, भूक मेलेली आणि आकडा मात्र झकास, असं दिसलं तर मी पायांचं ऐकतो.

मांडीच्या मागचा ताणलेला स्नायूही या आकड्यात दिसत नाही. म्हणून आमच्या वहीत एचआरव्हीशेजारी झोपेचे तास, अंगदुखी आणि सरावाचा भार लिहिलेला असतो. सराव किती जड गेला ते खेळाडूने दहापैकी सांगायचं आणि त्याला मिनिटांनी गुणायचं: 7 गुणिले 90, म्हणजे 630. हे फुकटात होतं आणि फार कामी येतं.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. पळताना चक्कर आली, छातीत दुखलं, ठोके चुकल्यासारखे वाटले, तर ॲप उघडत बसू नका. खेळ तिथेच थांबवा, डॉक्टरांकडे न्या, ईसीजी काढा. ॲपवरचा चांगला आकडा म्हणजे हृदयाची तपासणी नव्हे.

आणि सामन्याच्या सकाळी आकडा पोरांना दाखवू नका. 41 बघून घाबरलेला पोरगा पहिल्या दहा मिनिटांत पासही नीट देत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आता त्या दिवशी वही माझ्याकडेच असते.