नाटकासाठी भाषा बनवताना

एकांकिकेतल्या परग्रहवासीयांना स्वतःची भाषा द्यायची असेल, तर आधी शब्दकोश लिहायला बसू नका. भाषेचं काम ठरवा, व्याकरण त्यावर बेतायचं असतं.

देशोदेशीच्या लोकांना चटकन शिकता यावी म्हणून झामेनहॉफ यांनी 1887 मध्ये एस्पेरांतो ही बनवलेली भाषा मांडली. नाम ‘ओ’वर संपतं, विशेषण ‘आ’वर, कर्माला ‘न’ लागतो. ‘मी शातास रुजान सूपोन’ म्हणजे मला तांबडा रस्सा आवडतो. रश्शाला सूपावर भागवावं लागतं, पण ‘मी’ आपलाच. तोकी पोना (2001) दुसऱ्या टोकाची, विचार साधा करायला सुमारे 120 शब्दांत बांधलेली. तिथे तांबडा रस्सा ‘तेलो लोये’, म्हणजे लाल द्रव. पांढरा ‘तेलो वालो’. पंचाईत अशी, की रक्तही तेलो लोयेच. मग मध्ये खाण्याचा ‘मोकू’ घालायचा: तेलो मोकू लोये. शब्द वाचवले की वाक्यं लांबतात. तर्कशास्त्रावर उभारलेली लोजबान रंगमंचावर कुणी बोलू नये.

नाटकातली भाषा कानाला पटली की झालं. परक्यांचे संवाद आधी मराठीत लिहून वेगळे शब्द मोजा. वीस वाक्यांना साठ-सत्तर पुरतात. 12 व्यंजनं, 4 स्वर घ्या. ‘ळ’ आणि ‘ण’ गाळा, नाहीतर परग्रहावरही कोल्हापूर ऐकू येईल. नटाच्या तोंडी न बसणारा ध्वनी नको, दोन तालमींत त्याचा ‘ख’ होतो.

शब्दातून शब्द काढा. पाणी ‘नेरू’, मोठेपणाचा प्रत्यय ‘गा’. नदी ‘नेरूगा’, पंचगंगेचा पूर ‘नेरूगागा’.

हमखास होणारी चूक म्हणजे मराठी वाक्य तसंच ठेवून शब्द तेवढे बदलणं. ती भाषा नव्हे, पोरांची ‘च’ची भाषा. ‘मला भूक लागली’ यात भूक येऊन माणसाला लागते. तुमच्या भाषेत पोटच ओरडू दे. क्रियापदातलं लिंग काढून टाका, आपल्या कोल्हापूरकडे बायकाही ‘मी आलो’ म्हणतात आणि काही अडत नाही. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा भेद मात्र राखा. ‘आपण जेवू’ म्हटलं की पाहुणा पंगतीत, ‘आम्ही जेवतो’ म्हटलं की दाराबाहेर.

नटाला संवाद देवनागरीत द्या, आघाताचं अक्षर अधोरेखित करून. अर्थ माहीत नसलेल्याला वाक्य दोनदा ऐकवा. शब्द कुठे तुटतात हे त्याला सांगता येईना, तर शब्द आखूड करा.