चित्राचा मालकी-इतिहास लिहिताय? या चुका टाळा

लंडनच्या नॅशनल गॅलरीत इंग्लिश चित्रकार जॉन कॉन्स्टेबलचं ‘द हे वेन’ आहे. सफोकमधलं फ्लॅटफर्ड, स्टाउर नदीचं उथळ पाणी, त्यात उभी असलेली गवताची रिकामी गाडी, डावीकडे विली लॉटचं घर. या चित्राचा इतिहास बहुतेक ठिकाणी दोन वाक्यांत उरकलेला असतो: १८२१ मध्ये काढलं, १८८६ मध्ये हेन्री व्हॉन यांनी गॅलरीला भेट दिलं. मधली पासष्ट वर्षं गेली कुठे, हे कुणी विचारत नाही. मुंबईच्या संग्रहालयात टाटांच्या संग्रहातून आलेली युरोपीय चित्रं पाहतानाही हेच होतं. देणाऱ्याचं नाव वाचलं की इतिहास कळला असं वाटतं. खरं तर दाता हा मालकांच्या साखळीतला शेवटचा दुवा असतो.

आजच्या नावाने शोधणं

रॉयल अकॅडमीच्या १८२१ च्या कॅटलॉगमध्ये ‘द हे वेन’ शोधलंत तर हाती काहीच लागणार नाही. तिथे ते ‘लँडस्केप: नून’ म्हणून टांगलं होतं. आजचं नाव कॉन्स्टेबलचा मित्र जॉन फिशर पत्रात वापरायचा. १८२४ च्या पॅरिस सलोनच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या सरकारी कलाप्रदर्शनाच्या, फ्रेंच यादीत तर नावाऐवजी वर्णनच आहे, उथळ पाणी ओलांडणाऱ्या गवताच्या गाडीचं. एकच चित्र, तीन ओळखी. म्हणून नाव बाजूला ठेवून आधी प्रदर्शनाचं वर्ष, चित्रकार आणि विषय जुळवा.

यावर ‘मग माप बघू’ असं कुणीतरी म्हणतंच. चित्र १३०.२ × १८५.४ सेंटिमीटरचं आहे. पण कॉन्स्टेबल मोठ्या चित्रांसाठी जवळपास त्याच आकाराचा तैलरंगातला खर्डा आधी करायचा. ‘द हे वेन’चा तसा खर्डा लंडनच्याच व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे आणि तोही हेन्री व्हॉन यांच्याच संग्रहातला, १९०० मध्ये मृत्युपत्राने आलेला. म्हणजे जुन्या कागदात ‘व्हॉन यांचं कॉन्स्टेबल, गवताची गाडी’ एवढंच असेल तर ते दोन्हींपैकी कुठलंही असू शकतं. शिवाय एक छोटं स्केच अमेरिकेत येलच्या ब्रिटिश कला केंद्रात आहे. पण खरा घोळ पूर्ण चित्र आणि मोठा खर्डा यांत होतो: मालकही एक, विषयही एक, आकारही जवळपास तोच. अशा वेळी ‘पूर्ण चित्र की खर्डा’ हे सांगणारा दुसरा कागद मिळेपर्यंत ती नोंद कुठल्याही साखळीत घालू नका.

मागितलेली, देऊ केलेली आणि मिळालेली किंमत एकच समजणं

या चुकीने चांगले चांगले लेख बिघडलेले पाहिलेत. १८२१ मध्ये चित्र विकलं गेलं नाही. पुढच्या वर्षी ते ब्रिटिश इन्स्टिट्यूशनमध्ये लागलं, तेव्हा कॉन्स्टेबलने १५० गिनी सांगितल्या होत्या. चित्रांचा दलाल जॉन ॲरोस्मिथ ७० पौंड द्यायला तयार होता. कॉन्स्टेबलने नकार दिला. १८२४ मध्ये व्यवहार झाला तो २५० पौंडांचा, पण त्यात ‘व्ह्यू ऑन द स्टाउर निअर डेडम’ हे दुसरं मोठं चित्र आणि यार्मथचं एक छोटं चित्रही होतं. त्यामुळे ‘द हे वेन २५० पौंडांना विकलं’ हे चूक, आणि २५० ला तीनाने भागणं तर आणखी चूक. गिनी म्हणजे २१ शिलिंग, पौंड म्हणजे २०. १५० गिनी म्हणजे १५७ पौंड १० शिलिंग. गिनीचे परस्पर पौंड करून टाकले की पुढचा माणूस तोच आकडा उचलतो.

प्रदर्शनावरून मालक ठरवणं

१८२१ आणि १८२२ ला चित्र भिंतीवर होतं तेव्हा मालक कॉन्स्टेबलच होता. सलोनच्या वेळी ते ॲरोस्मिथकडे गेलेलं होतं. कॉन्स्टेबल फ्रान्सला कधी गेलाच नाही; तरी दहाव्या चार्ल्स राजाचं सुवर्णपदक त्याला मिळालं. इथे आणखी एक गोंधळ होतो. १८२५ मध्ये लील शहरातल्या प्रदर्शनातही त्याला सुवर्णपदक मिळालं, पण ते ‘द व्हाइट हॉर्स’साठी. ते चित्र आज न्यूयॉर्कच्या फ्रिक कलेक्शनमध्ये आहे. पदकाची नोंद दिसली की आधी शहर तपासा.

१९३३ ते १९४५ वरून उडी मारणं

हा नाझी राजवटीचा आणि तिच्या काळातल्या लुटीचा काळ. नॅशनल गॅलरीची चित्रं युद्धात वेल्सला हलवली होती आणि १९४१ पासून मॅनॉडच्या खाणीत ठेवली होती. त्यामुळे तिथल्या चित्राच्या प्रदर्शनांत या वर्षांची पोकळी दिसली तर घाबरू नका. खाजगी संग्रहातलं चित्र असेल तर मात्र थांबा.

कॉन्स्टेबलचंच ‘बीचिंग अ बोट, ब्रायटन’ पाहा. हंगेरीचे बॅरन फेरेंत्स हटवानी यांनी ते १९०८ मध्ये पॅरिसच्या लिलावात घेतलं. दुसऱ्या महायुद्धात बुडापेस्टमधून ते लुटलं गेलं. पुढे फिरत फिरत १९८६ मध्ये ते टेट गॅलरीला भेट म्हणून आलं. २०१४ मध्ये लुटीच्या कलावस्तूंविषयीच्या ब्रिटनच्या सल्लागार समितीने ते वारसांना परत करण्याची शिफारस केली. मग १९४६ चा हंगेरीतला निर्यात परवाना पुढे आला आणि प्रकरण पुन्हा उघडलं. २०१५ मध्ये समितीने आधीचाच निष्कर्ष कायम ठेवला. परवाना चित्र देशाबाहेर जाऊ देतो. ते कायदेशीर मालकाला परत मिळालं होतं, हे त्याने सिद्ध होत नाही.

पाठ न पाहणं

चित्राच्या पाठीमागचं लाकूड बघा. लिलावगृहाचे काळे स्टेन्सिल आकडे, फाटकी प्रदर्शन-लेबलं, दुकानाचे नंबर तिथे असतात. फ्रेमवरच्या लेबलावर तेवढा विश्वास नको, फ्रेमी बदलल्या जातात. दुरुस्तीत जुन्या कॅनव्हासमागे नवं कापड चिकटवतात, तेव्हा मागचं लिखाण झाकलं जातं. म्हणून दुरुस्तीआधी काढलेले फोटो मागून घ्या.

पोकळी लपवणं

संग्रहालयांत रूढ असलेली एक पद्धत सोपी आहे. दोन मालकांमध्ये थेट व्यवहार झाल्याचा पुरावा असेल तर अर्धविराम, नसेल तर पूर्णविराम. कच्ची नोंद अशी दिसेल (हिगिन्सन हा मधला एक मालक):

जॉन कॉन्स्टेबल; १८२४, जॉन ॲरोस्मिथ, पॅरिस. एडमंड हिगिन्सन. हेन्री व्हॉन; १८८६, नॅशनल गॅलरी, लंडन, भेट.

ॲरोस्मिथनंतरचा आणि हिगिन्सननंतरचा पूर्णविराम, शोध नेमका कुठे घ्यायचा ते दाखवतात. ‘त्यानंतर अनेक हातांतून फिरत’ असं लिहून ते पुसू नका.