जपानी विद्यार्थ्यांचे इंग्रजी व्यंजनोच्चार: सराव घेताना या चुका टाळा

जपानी विद्यार्थी समोर आला की बरेच शिक्षक पहिल्याच तासाला आर आणि एलला हात घालतात. 'राइट-लाइट', 'राइस-लाइस' असं घोकून घ्यायचं, दोघंही वैतागेपर्यंत. खरं तर ऐकणाऱ्याला जास्त अडखळवतो तो मध्ये घुसलेला स्वर. 'स्ट्राइक' हा इंग्रजीत एका झटक्यात, एकाच स्वराभोवती उच्चारला जातो. जपानी वळणात तो 'सु-तो-रा-इ-कु' असा पाच मात्रांचा होतो. 'मॅकडॉनल्ड'चा 'माकुदोनारुदो' होतो तोही याच कारणाने. जपानीत नुसतं व्यंजन जवळजवळ कुठेच उभं राहत नाही, म्हणून बहुधा 'उ' चिकटतो, टी-डीनंतर 'ओ' आणि 'च'-'ज'नंतर 'इ'.

इथे 'स्वर लावू नका' असं सांगून भागत नाही, कारण तो स्वर विद्यार्थ्याला ऐकूही येतो. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात 'एब्झो' आणि 'एबुझो' यांतला फरक ओळखणं जपानी श्रोत्यांना फार जड गेलं. मध्ये 'उ' नसतानाही त्यांना तो ऐकू येत होता. तेव्हा त्यांच्याच भाषेतून वाट काढा. टोकियोकडच्या बोलीत 'सुकी' या शब्दातला 'उ' जवळपास गायब होतो, ऐकू येतं 'स्की'. तीच जीभ, तोच वेग ठेवून 'स्काय', 'स्कूल' म्हणायला लावा. 'सुतेकी'वरून 'स्टे', 'स्टेशन'. शब्दाच्या शेवटच्या एससाठी 'देसु' आहेच, तो बोलताना 'देस'च होतो.

ही युक्ती 'ब्लू', 'ग्रीन', 'ब्रेड'ला चालत नाही. जपानी 'उ' पुसट होतो तो प्रामुख्याने दोन अघोष, म्हणजे कंठ न वाजवता म्हटल्या जाणाऱ्या, व्यंजनांमध्ये. 'ब्लू'साठी ओठ मिटलेले असतानाच जिभेचं टोक वरच्या दातांमागच्या हिरडीवर टेकवून ठेवायचं आणि मगच ओठ उघडायचे. जीभ आधीच जागेवर असली की मध्ये 'उ' शिरायला फटच उरत नाही. तपासायला फोनवर रेकॉर्ड करून अर्ध्या वेगाने ऐकवा.

आर-एल: आधी कान, मग जीभ

जपानी 'रा'मध्ये जिभेचं टोक हिरडीवर एकदा हलकेच आपटतं. 'वारा'मधल्या आपल्या मराठी 'र'सारखंच. मराठी शिक्षकाची गोची इथेच होते: तुम्ही तुमच्या सवयीने 'राइट' म्हटलंत तर विद्यार्थ्याला त्याचाच आवाज परत मिळतो आणि त्याला वाटतं, जमलं की! इंग्रजी आरमध्ये टोक कशालाच लागत नाही. जिभेच्या कडा वरच्या दाढांना टेकतात आणि ओठ थोडे गोल होतात. एलमध्ये टोक हिरडीवर टेकून राहतं आणि हवा बाजूंनी निघते.

यावरून सोपी परीक्षा घेता येते: आवाज दोन सेकंद ताणायला सांगा. आर ताणता येतो, एलही येतो. जपानी 'रा'तलं व्यंजन ताणताच येत नाही, ते आपटून संपतं.

'जीभ मागे वळवा' ही सूचनाही जपून द्या. फार वळवलेली जीभ परत येताना टाळूला घासते आणि 'गाडी'तल्या 'ड'सारखा आवाज निघतो. त्याऐवजी ओठ 'ऊ'सारखे करून तिथूनच 'राइट' सुरू करायला सांगा; तोंडातून 'ऊ' ऐकू येऊ लागला की ही कुबडी काढून घ्या.

कानाच्या सरावात नेहमीची चूक म्हणजे एकाच आवाजावर विसंबणं, म्हणजे शिक्षकाच्या स्वतःच्या. लोगन, लाइव्हली आणि पिसोनी या संशोधकांनी 1991मध्ये जपानी श्रोत्यांना अनेक वक्त्यांचे आवाज आणि शब्दांतल्या वेगवेगळ्या जागा वापरून आर-एल ओळखायला शिकवलं, आणि ओळख सुधारली. 1997च्या पुढच्या अभ्यासात तर नुसत्या ऐकण्याच्या सरावाने उच्चारही सुधारल्याचं दिसलं. म्हणून पाच-सहा वेगवेगळे आवाज गोळा करा आणि प्रत्येक उत्तरानंतर बरोबर की चूक ते लगेच सांगा. क्रम असा ठेवा: आधी शब्दाच्या शेवटी ('फाइल-फायर'), मग सुरुवातीला ('लेक-रेक'), आणि जोडव्यंजनं ('प्ले-प्रे') सगळ्यात शेवटी, कारण तिथे कान सर्वांत जास्त फसतो.

आपला 'व' आणि 'थ' बाजूला ठेवा

मराठी 'व'मध्ये घर्षण जवळजवळ नसतं. आपल्या तोंडची 'वेस्ट' आणि 'व्हेस्ट' बऱ्याचदा सारखीच ऐकू येते. विद्यार्थी मात्र व्हीच्या जागी 'ब' म्हणून 'बेस्ट'वर पोचलेला असतो. खालच्या ओठाची आतली कड वरच्या दातांना हलकेच लावा, आवाज सुरू करा, ओठाला गुदगुल्या झाल्या पाहिजेत. एफही तसाच, फक्त कंठ न वाजवता. 'ओठ चावा' म्हणू नका, चावला की हवाच अडते. जपानी 'फु' दोन्ही ओठांमधून फुंकला जातो, म्हणून 'फूड' आणि 'हूड' एक होतात; आरशात वरचे दात दिसले तर एफ जागेवर आहे.

टीएचच्या जागी जपानी विद्यार्थी 'स' म्हणतो, 'थिंक'चं 'सिंक' होतं. आपण मराठी 'थ' शिकवला तर एक चूक जाऊन दुसरी येते, कारण आपला 'थ' हवा अडवून सोडतो. जिभेचं टोक दातांच्या कडेला लावून तीन सेकंद अखंड हवा सोडता आली पाहिजे.

शब्दाच्या सुरुवातीचे पी, टी, के आपण कोरडे म्हणतो. इंग्रजीत त्यामागे श्वास सुटतो. 'पेन' म्हणताना ओठांसमोर धरलेला टिश्यू हलला पाहिजे, आधी तुमचा.

'सी' की 'शी'

जपानीत 'सि' असं अक्षर नाही, 'शि' आहे. 'सिट डाउन'मधला पहिला शब्द त्यामुळे भलताच होतो. 'सु' सुरू करून 'स्स्स' धरायला सांगा आणि जीभ तशीच ठेवून 'ई'वर न्या. एवढ्यावर थांबलात तर आठवड्याभरात 'शी'चंही 'सी' होऊ लागेल, म्हणून 'सी-शी', 'सेव्ह-शेव्ह' अशा जोड्या मिसळूनच घ्या.

शब्दाच्या शेवटी

'पेन'मधला एन बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. जपानी शब्दाच्या शेवटच्या 'न्'मध्ये जिभेचं टोक वर जात नाही, त्यामुळे 'टेन इयर्स'मध्ये एन पुढच्या आवाजाला जोडला जात नाही, नुसता नाकात विरतो. 'मिन्ना' म्हणायला लावा. त्यातल्या 'न्न'वर टोक टेकतं. तसंच 'सन्ना' म्हणत अर्ध्यावर थांबवा, 'सन' तयार.

'बॅग'चं 'बॅक' होतं तेव्हा शेवटच्या 'जी'वर जोर द्यायला सांगू नका, लगेच 'बॅगु' होईल. मधला स्वर लांबवा आणि जी हलकाच सोडा. इंग्रजी ऐकणारा हा फरक बराचसा स्वराच्या लांबीवरूनच ओळखतो.