जुन्या एएस/४०० ला नवीन ॲप जोडायचं असेल तर

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या स्टोअरचा स्टॉक मोबाईलवर दाखवायचं काम माझ्याकडे आलं होतं, सगळा डेटा एएस/४०० या आयबीएमच्या जुन्या कॉम्प्युटरवर, नुसत्या अक्षरांची हिरवी स्क्रीन, आरपीजी या जुन्या भाषेतले प्रोग्राम, आणि ते लिहिणारे काका रिटायर होऊन दांडिया बाजारात घरी. पहिला दिवस त्यांना भेटण्यात घालवा, कोड नंतर.

मशीन जुनं म्हणून घाबरू नका. आयबीएमनं ते १९८८ साली आणलं, डेटाबेस त्यातच आहे, त्याला आज डीबी२ म्हणतात, त्यामुळे जेडीबीसी नाहीतर ओडीबीसी ड्रायव्हर, म्हणजे ॲपला डेटाबेसशी जोडणारा दुवा, टाकला की नव्या ॲपमधून साधी एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, चालते. हिरव्या स्क्रीनवरचं वाचून डेटा उचलायचा प्रकार मी तरी करणार नाही, कोणी एक ओळ वाढवली की सगळं सरकतं. आधी फक्त वाचायची परवानगी असलेला वेगळा युजर मागून घ्या.

आता खरी डोकेदुखी. 'पीयूएमपी' असं इंग्रजी पंप यायला हवं तिथे मला डी७ ई४ डी४ डी७ दिसत होतं. डेटा बिघडलेला नव्हता, ती एबसिडिक, म्हणजे आयबीएमच्या स्वतःच्या कोडातली अक्षरं होती आणि फाईलवर सीसीएसआयडी (अक्षरं कुठल्या कोडात आहेत ते सांगणारा नंबर) ६५५३५ लागलेला होता, म्हणजे ड्रायव्हरला सांगितलेलं की रूपांतर करू नको. जेडीबीसीत 'ट्रान्सलेट बायनरी' हे सेटिंग ट्रू केलं की काम होतं.

आकडे पॅक्ड असतात, म्हणजे एका बाइटमध्ये दोन अंक. १२३.४५ किलो आत १२ ३४ ५एफ असे तीनच बाइट, शेवटचं अर्धं चिन्हाचं, एफ किंवा सी म्हणजे अधिक आणि डी म्हणजे वजा, दशांश चिन्ह फाईलच्या व्याख्येत, डेटात नाहीच. एसक्यूएलनं वाचलं तर ड्रायव्हर सांभाळतो, पण ही फाईल एफटीपीनं (फाईल एका मशीनवरून दुसऱ्यावर नेण्याची पद्धत) टेक्स्ट मोडमध्ये आणली की आकड्यांचं वाटोळं झालंच म्हणून समजा.

तारखाही बघा, १२५०४१५ म्हणजे १५ एप्रिल २०२५, पहिला १ शतकाचा. १९९८ ची तारीख ० नं सुरू होते आणि आकडा म्हणून वाचली की तो ० गळतो, सहाच अंक उरतात.

इतकं करूनही माझा स्टॉक जुळेना. दोन दिवस क्वेरी उलटसुलट केली, शेवटी काकांना फोन लावला तर म्हणाले, "अहो, एप्रिलपासून आम्ही त्याच फाईलमध्ये नवा मेंबर उघडतो, तुम्ही जुनं वर्ष वाचताय." मेंबर म्हणजे एकाच फाईलच्या आतला डेटाचा वेगळा कप्पा, आणि एसक्यूएलला आपोआप पहिलाच मेंबर दिसतो. बाकीच्यांसाठी क्रिएट एलियस, म्हणजे टोपणनाव, करून मेंबरचं नाव द्यावं लागतं, हे केलं आणि लगेच जुळलं.

लिहायचं असेल तर थेट इन्सर्ट नको. कुठला माल कुणाला द्यायचा, किती उरला तर अडवायचं, हे नियम आरपीजी प्रोग्राममध्ये आहेत, टेबलात नाहीत, म्हणून तोच प्रोग्राम स्टोअर्ड प्रोसिजर करून, म्हणजे एसक्यूएलमधून हाक मारता येईल असा करून, बोलवा. एसक्यूएल७००८ एरर आली तर बहुतेक वेळा फाईलचं जर्नलिंग, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणं, चालू नसतं, ते मशीन सांभाळणाऱ्याशी बोलून चालू करा.

आणि महिनाभर दोन्ही सोबत चालू द्या. आमच्याकडे स्टोअरवाले भाई रोज संध्याकाळी हिरव्या स्क्रीनवरची टोटल वहीत लिहायचे, मी शेजारी मोबाईलची लिहायचो, आणि जिथे पैशाचाही फरक आला तिथे त्याच रात्री कारण शोधायचो.